तिसरीतली लेक आणि शाब्दिक उदाहरणं: प्रगती ओळखायची कशी?

गोदाकाठची | ११ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

लेक तिसरीत आहे. नाशिकमध्येच, मराठी माध्यम, राज्य मंडळ. दुसरीच्या निकालपत्रकावर गणितात अ-१ श्रेणी होती आणि वर्णनात्मक नोंदीत 'शाब्दिक उदाहरणे अचूक सोडवते' असं लिहिलेलं होतं. ते वाचून मी निर्धास्त होते.

काल संध्याकाळी कुकर लावला आणि तिच्याजवळ बसले. वहीत उदाहरण होतं: टोपलीत ४८ पेरू होते, काही विकल्यावर १९ उरले, तर किती विकले? तिचा पहिला प्रश्न, "आई, अधिक की वजा?" म्हटलं, तूच सांग. "उरले आहे ना, मग वजा." हातचा घेऊन झटकन २९ काढले. बरोबर. मग मी तेच पेरू घेऊन उलटं विचारलं. टोपलीतले १९ पेरू विकले, आता २९ उरलेत, तर आधी किती होते? पुन्हा 'उरले' ऐकलं, पुन्हा वजा, उत्तर १०. मी म्हटलं, "अगं, विकून झाल्यावर २९ उरलेत आणि आधी दहाच होते?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग अधिक करू का?"

ते "मग अधिक करू का" कालपासून डोक्यातून जात नाहीये. वजा चुकलं म्हणून अधिक. पेरूंचा कुठे संबंधच नाही.

शाळेला दोष द्यायला धागा काढलेला नाही. वर्गात ५२ मुलं आहेत, बाई जीव तोडून शिकवतात. मला विचारायचंय ते असं: पाढे पाठ झाले, वजाबाकी जमायला लागली, हे घरी कळतं. पण उदाहरण सोडवण्यात मूल जूनपासून मार्चपर्यंत पुढे सरकलं की नाही, हे कशावरून ओळखायचं? गुणांवरून कळत नाही, ते काल दिसलंच. कोणी हे नीट, पद्धतशीर करून बघितलंय का?

पंचवटीकर | ११ जुलै, रात्री १०:३१

आमच्याकडे अगदी हेच. चिरंजीव चौथीत, प्रश्न बदलून 'गुणाकार की भागाकार' झालाय एवढंच. वाचतोय.

सिडको_क्लासवाली | ११ जुलै, रात्री ११:०५

ताई, घाबरून जाऊ नका. मी १४ वर्षं सिडकोत प्राथमिकच्या शिकवण्या घेते. तिसरीतली खूप मुलं हेच विचारतात. मी त्यांना शब्दांचा तक्ता करून देते. एकूण, मिळून, सर्व म्हणजे बेरीज. उरले, शिल्लक, फरक म्हणजे वजाबाकी. प्रत्येकी, समान वाटले म्हणजे भागाकार. तक्ता भिंतीला लावा, रोज पाच उदाहरणं घ्या, पाचातली किती बरोबर आली ते कॅलेंडरवर लिहीत जा. दोन महिन्यांत आकडा वाढताना दिसेल. आणि पाढे, हातचे पक्के नसतील तर पुढचं काही होत नाही, हे माझं ठाम मत आहे.

गोदाकाठची | ११ जुलै, रात्री ११:२०

धन्यवाद ताई. पण माझ्या दुसऱ्या उदाहरणात 'उरले' होतं आणि करायची होती बेरीज. तक्ता तिला नेमकं तिथेच अडकवेल ना?

सिडको_क्लासवाली | ११ जुलै, रात्री ११:२८

अशी उलटी उदाहरणं परीक्षेत कमी येतात हो.

डोंगरमास्तर | १२ जुलै, सकाळी ६:४०

मी सुरगाणा तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिली ते चौथी, पट ३१. सकाळी रेंज असते तेवढ्यात लिहितो.

क्लासवाल्या ताई, तुमचा तक्ता माझ्याही वर्गात सात-आठ वर्षं होता. काढला तो एका उदाहरणामुळे. 'मीनाकडे १२ बोरं आहेत. ती राजूच्या बोरांपेक्षा ५ने जास्त आहेत. राजूकडे किती बोरं?' जवळजवळ सगळ्या वर्गाने १७ लिहिलं. का, तर 'जास्त' हा शब्द तक्त्यात बेरजेच्या खाली होता. मुलांनी मी शिकवलं तेच केलं होतं. चूक त्यांची नव्हती, माझ्या तक्त्याची होती.

आता धाग्याच्या प्रश्नाकडे. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. भाताची लावणी चालू होती म्हणून मी उदाहरण दिलं: २४ रोपे ४ ओळींत समान लावली, तर प्रत्येकी किती रोपे? तिसरीतल्या एका मुलाने २८ लिहिलं. पूर्वी मी लाल फुली मारून पुढच्या वहीकडे वळलो असतो. त्या दिवशी त्याला जवळ बसवलं. म्हटलं, वाचून दाखव. खडखडीत वाचलं. काय विचारलंय? गप्प. 'प्रत्येकी' म्हणजे काय रे? "नाय ठावं, गुरुजी." त्याच्या घरी कोकणा बोलतात, हा शब्द त्याने पुस्तकाबाहेर कधी ऐकलेलाच नव्हता. मी २४ चिंचोके दिले, जमिनीवर खडूने चार रेघा ओढल्या आणि म्हटलं, ही आपली चार ओळींची खाचरं, लाव रोपं सारखी. त्याने एकेक ठेवलंच नाही. आधी प्रत्येक रेघेवर चार-चार, मग उरलेले दोन-दोन. बघता बघता सहा. एवढंच नाही, आपल्या मनाने चार-चार आणि दोन-दोन असे टप्पे पाडले! त्याला भागाकार येत होता. शब्द येत नव्हता. वीस भागाकार लिहून आणायला सांगितले असते तर त्याच्या अडचणीला हातही लागला नसता.

ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन नावाच्या शिक्षिकेने १९७७ साली याचीच रीत मांडली. मूल चुकलं की त्याच उदाहरणावर ओळीने पाच गोष्टी विचारायच्या:

वाचून दाखव.
काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग.
उत्तर काढायला काय करशील, आणि तेच का?
करून दाखव, मोठ्याने बोलत.
आता उत्तर लिही.

मूल ज्या पायरीवर पहिल्यांदा अडखळतं ती लिहून ठेवायची. बास. मी प्रत्येक मुलाला एक पान दिलंय. त्यावर तारीख, उदाहरणाचा प्रकार आणि एक अक्षर: वा, अ, मां, आ किंवा ले. म्हणजे वाचन, अर्थ, मांडणी, आकडेमोड, लेखन. वर सांगितलेल्या मुलाचं गेल्या वर्षीचं पान समोर आहे. जुलै: अ, अ. सप्टेंबर: अ, मां. डिसेंबर: मां, आ. फेब्रुवारी: आ, आणि एक पूर्ण बरोबर. फेब्रुवारीपर्यंतच्या सगळ्या लेखी चाचण्यांत त्याला या उदाहरणांना शून्यच होतं, कारण शेवटचं उत्तर चुकत होतं. पण ते पोर जुलैपासून सारखं पुढे सरकत होतं.

ताई, तुमची लेक 'अर्थ' किंवा 'मांडणी' या पायरीवर आहे असं वाटतं. एकदा विचारा, "काय झालंय ते मला गोष्टीसारखं सांग." नुसते आकडेच सांगितले तर 'अर्थ' समजा.

सातपूर_शिफ्ट | १२ जुलै, सकाळी ८:१५

मास्तर, सलाम. कारखान्यात आम्ही हेच करतो. माल तयार झाल्यावर तपासला तर इतके नग बाद एवढंच कळतं. मशीनवरचा पहिला नग हातात घेऊन मोजला तर कुठे बिघडलं ते कळतं.

पण एक विचारतो. तुमचा पट ३१, ताईंच्या शाळेत एका वर्गात ५२. एका मुलाला दहा मिनिटं धरली तरी साडेआठ तास होतात. बाईंनी शिकवायचं कधी?

डोंगरमास्तर | १२ जुलै, दुपारी १:५०

रास्त शंका. सगळ्यांना एकदम बसवायचंच नाही. रोज दोघं. खिचडी झाल्यावर बाकीची मुलं वही भरतात तेव्हा दोघांना टेबलाजवळ घेतो. तुमच्या ५२ च्या वर्गाला २६ कामाचे दिवस लागतील, म्हणजे साधारण महिन्या-सव्वा महिन्यात एक फेरी. जी मुलं सलग दोनदा बरोबर येतात त्यांना पुढच्या फेरीत वगळलं तरी चालतं.

आणखी एक, याला वेळच लागत नाही. उदाहरणांच्या वहीत खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं. मुलाने आधी काय केलं होतं ते दिसतं. खोडलेल्या वहीत फक्त शेवट दिसतो.

इंदिरानगर_आजी | १२ जुलै, दुपारी ४:३०

गोदाकाठची, एक जपून ग. माझ्या नातीची आई अशीच रोज तपासायला बसायची. पोरगी वही दिसली की बाथरूममध्ये जाऊन बसायला लागली. मी वही बाजूला ठेवायला लावली. पोळ्या लाटताना विचारते, आपण पाच जण, तुझ्या बाबाला चार, बाकी सगळ्यांना दोन-दोन, किती लाटू? आता ती मलाच उलट विचारते, आजी, आत्तापर्यंत किती झाल्या, अजून किती राहिल्या? परीक्षा घेतेय असं वाटू न देता परीक्षा झाली पाहिजे.

गोदाकाठची | १२ जुलै, संध्याकाळी ७:०२

आजी, हे मनाला लागलं. काल माझाही आवाज थोडा चढलाच होता.

लासलगाव_मार्केट | १२ जुलै, रात्री ९:१०

आमच्याकडे अडचण याच्याही आधी. पुतण्या दुसरीत. सांगितलं, लिही 'बावन्न', तो लिहितो २५. बेरीज बरोबर करतो पण आकडाच चुकीचा उतरवतो, मग उत्तर चुकतं. 'एकोणपन्नास' म्हटलं की ५९. त्याचं कुठलं अक्षर लिहायचं मास्तर?

डोंगरमास्तर | १२ जुलै, रात्री ९:४५

त्याला मी 'वा' धरतो. आपल्या भाषेत बावन्नमध्ये आधी दोन ऐकू येतात आणि मग पन्नास. मूल ऐकल्याप्रमाणे लिहितं, त्यात त्याचा तर्क बरोबरच आहे. दशकाच्या काड्यांचे जुडगे आणि सुट्या काड्या देऊन बावन्न मांडायला सांगा. मांडता आलं तर संख्या कळलीय, फक्त लिहिताना उलटतंय.

शरणपूर_रोड | १२ जुलै, रात्री १०:२०

म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' आलं होतं. केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं होतं की जोडाक्षरांची ही नावं लहान मुलांना जड जातात. तेव्हा मीही विरोधात होतो. आज घरी नातू बघतो तेव्हा त्यांचं म्हणणं पटतं.

लासलगाव_मार्केट | १२ जुलै, रात्री १०:३३

मला अजून नाही पटत. मार्केटात लिलावात 'एक हजार पाचशे पन्नास दोन' कोण बोलणार? बाहेरच्या जगात बावन्नच चालतं, पोराला तेच आलं पाहिजे. काड्यांचं मात्र करून बघतो. आमचे वडील शाळेत फार गेले नाहीत, पण क्विंटलचा भाव सांगितला की ट्रॉलीचे पैसे तोंडी सांगतात. त्यांना कागदावर उदाहरण दिलं तर जमणार नाही. मग त्यांना गणित येतं म्हणायचं की नाही?

इंदिरानगर_आजी | १२ जुलै, रात्री १०:५०

येतं! चांगलं येतं.

देवळालीचे_काका | १३ जुलै, सकाळी ७:३०

मी निवृत्त केंद्रप्रमुख. मूल्यमापनाचा विषय निघालाय तर दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली कागदोपत्री. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा. त्यात तिसरी-चौथीला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणारं, ६० आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचं, ४० अशी विभागणी आहे. पहिली-दुसरीला तर आकारिक ७०. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय हे सगळं येतं. म्हणजे मास्तर जे करताहेत ते कुठलं जास्तीचं काम नाही, मूळ अपेक्षाच ती आहे. शंभरातले साठ गुण मुलाजवळ बसून, बघून, ऐकून द्यायचे आहेत. घोळ झाला तो नोंदींचा. तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तकं बाजारात आली, त्यातलं वाक्य उचलून पत्रकात उतरवलं जाऊ लागलं. 'शाब्दिक उदाहरणे अचूक सोडवते' हे तसलंच वाक्य. मी शाळाभेटीला गेलो की शिक्षकांना एवढंच म्हणायचो, या वाक्यामागचा एक दिवस मला सांगा. काही जण लगेच सांगायचे, काही वही चाळत राहायचे. ताई, तुम्हीही बाईंना प्रेमाने विचारा, तिने स्वतःहून सोडवलेलं एखादं उदाहरण तुम्हाला आठवतं का?

दुसरी गोष्ट आमच्या देवळालीची. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ इथे शाळामास्तर होते. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक त्यांचाच, चार अंकी संख्यांच्या एका वजाबाकीच्या खेळात शेवटी हीच संख्या येते. चार अंकी संख्या मुलांना लांबते म्हणून मी तीन अंकी घ्यायचो. कुठलेही तीन वेगवेगळे अंक घ्या. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३२१ वजा १२३ म्हणजे १९८. मग ९८१ वजा १८९ म्हणजे ७९२. पुढे ६९३, मग ५९४, मग ४९५. ४९५ आलं की तिथेच फिरत राहतं.

हातच्याच्या वजाबाकीचा एवढा सराव दुसऱ्या कशात होत नाही, आणि ४९५ आलं नाही की मूल स्वतःच म्हणतं, माझं कुठेतरी चुकलं. तपासनीसाची गरजच नाही. पण मी बघायचो ते वेगळंच. उत्तरं एकाखाली एक लिहिल्यावर मधला अंक प्रत्येक वेळी ९ असतो आणि कडेच्या दोघांची बेरीजही ९ होते. हे न सांगता कोणाच्या लक्षात येतं? एक मुलगी आठवते, पाढ्यांत कायम मागे. तिने पहिल्यांदा बोट ठेवलं, "सर, मधी नऊच का येतोय?" त्या दिवशी तिच्या पानावर मी तो प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला. गुण किती द्यायचे ते मला सुचलं नव्हतं.

पंचवटीकर | १३ जुलै, सकाळी ९:१५

काका, चिरंजीवांनी आत्ता सहा संख्या घेऊन बघितल्या. पाच ४९५ वर आल्या, सहावीला वजाबाकी चुकली ती त्यानेच शोधली. नाश्त्याची मिसळ गार झाली, पण कोणाची तक्रार नाही.

सध्या_ओहायोत | १३ जुलै, सकाळी ११:४०

मूळ नाशिकरोड. इथे शिक्षण क्षेत्रात आहे म्हणून एक जुनं उदाहरण. १९८३ च्या सुमाराला अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ बस हे बरोबर उत्तर दिलं फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्क्यांनी चक्क '३१, बाकी १२' लिहिलं. म्हणजे आकडेमोड येऊनही उत्तर बसपर्यंत पोचलं नाही. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: समजून घे, बेत कर, बेत पार पाड, मागे वळून बघ. चौथी पायरी आपल्या कुठल्याच प्रश्नपत्रिकेत तपासली जात नाही.

मुलांना हेही विचारून बघा: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? फ्रान्समध्ये हे विचारलं होतं तेव्हा बहुतेक मुलांनी आकडे जुळवून वय सांगितलं होतं.

सातपूर_शिफ्ट | १३ जुलै, दुपारी १२:०५

आत्ता विचारलं. मुलगा म्हणाला ३६. मग स्वतःच म्हणाला, "बाबा, पण मेंढ्यांवरून कसं कळेल?" जीव भांड्यात पडला.

डोंगरमास्तर | १३ जुलै, संध्याकाळी ६:१०

बसचं उदाहरण मी माझ्या वर्गात गडाचं करून घेतो. सप्तशृंग गडावर ४७ जणांना जायचंय, एका जीपमध्ये ९ जण, किती जीप? एकाने लिहिलं '५ जीप, दोन पोरं मांडीवर'. मी त्याला पूर्ण बरोबर दिलं. आमच्याकडे तसंच जातात.

शिष्यवृत्ती_पालक | १३ जुलै, रात्री ८:२०

सगळं छान वाटतंय, पण पुढचाही विचार करा. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ मध्ये चौथीऐवजी पाचवीत गेली होती. माझ्या मोठ्याने दिली. एका पेपरला ७५ प्रश्न, दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. तिथे 'गोष्टीसारखं सांग' कोण विचारणार? चार पर्याय, एक गोल काळा करायचा. पोराला वेग लागतो, आणि वेग सरावानेच येतो. आपण घरी पायऱ्या मोजत बसायचं आणि बाहेर जग गोल मोजणार.

देवळालीचे_काका | १३ जुलै, रात्री ९:०५

वेग लागतो, मान्य. मी स्वतः शिष्यवृत्तीचे जादा तास घेतलेत. पण पर्यायांतूनही पायरी दिसते, बघणारा हवा. ४०३ वजा १५८ घ्या. बरोबर उत्तर २४५. ज्याने ३५५ ला गोल केला त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, त्याला मधल्या शून्यावरून हातचा घेता येत नाही. ज्याने ५६१ केला त्याने बेरीज केलीय, त्याला प्रश्नच कळलेला नाही. दोघांनाही शून्यच मिळणार. पण उद्या एकाला दशकाचे जुडगे सोडून दाखवायचेत आणि दुसऱ्याशी बोलत बसायचंय. सराव चाचणी झाल्यावर 'किती चुकले' एवढ्यावर थांबू नका, कुठला गोल केला तेही विचारा.

शिष्यवृत्ती_पालक | १३ जुलै, रात्री ९:३०

हा मुद्दा पटला. धाकटीच्या सराव पत्रिका रद्दीत टाकणार होतो, काढून ठेवतो. वेगाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

शरणपूर_रोड | १४ जुलै, सकाळी १०:००

मग सरकारी चाचण्यांचं काय? पायाभूत, संकलित १, संकलित २ होतात. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये ते मोठं सर्वेक्षण झालं. त्यावरून नाही कळत?

देवळालीचे_काका | १४ जुलै, सकाळी ११:२५

४ डिसेंबर २०२४ ला झालं ते परख सर्वेक्षण. तिसरी, सहावी आणि नववी. ते निवडक शाळांतल्या निवडक मुलांवर असतं. त्यातून जिल्ह्याचं, राज्याचं चित्र कळतं. तुमच्या नातवाचं कळत नाही, ते त्यासाठी नाहीच. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचं 'असर' सर्वेक्षण घरोघरी जाऊन एकेका मुलाजवळ बसून होतं, २००५ पासून. पण त्यात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी भागाकार अशी आकडेमोड मुख्यतः बघतात. पायाभूत आणि संकलित चाचण्या तुमच्याच मुलाच्या असतात, त्यांचे पेपर मात्र बघण्यासारखे असतात. शाळेत जाऊन पेपर मागा. गुण नका बघू, त्याने काय लिहिलंय ते बघा.

सिडको_क्लासवाली | १४ जुलै, रात्री १०:४०

दोन दिवस धागा वाचून काल क्लासमध्ये मास्तरांचं बोरांचं उदाहरण दिलं. ११ मुलं. नऊ जणांनी १७ लिहिलं, त्यातली सहा माझ्याकडे दोन वर्षं येतात. रात्री झोप लागली नाही.

तक्ता उतरवलाय. पण मास्तर, पाढ्यांचं मी सोडणार नाही. तुमच्या पाच पायऱ्या मी तीन मुलांबरोबर केल्या. एकाला अर्थ कळला, मांडणी जमली, आणि मग ७ गुणिले ८ साठी बोटं मोजता मोजता आपण काय काढत होतो तेच विसरला. सगळं लक्ष मोजण्यात गेलं तर विचार करायला काय उरणार?

डोंगरमास्तर | १५ जुलै, सकाळी ६:३५

ताई, हे अगदी खरं आहे. माझ्याकडची काही मुलं वर्षभर 'आ' वरच अडकली, कारण मी पाढ्यांकडे दुर्लक्ष केलं होतं. यंदा सकाळची दहा मिनिटं पाढ्यांना ठेवलीत. तुमचं आणि माझं मिळून एक धड होईल.

गोदाकाठची | २८ सप्टेंबर, रात्री ९:५५

धागा वर काढतेय. तेव्हा विचारलं होतं, आता काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

आजींचं ऐकून रोजचं बंद केलं. शनिवारी दोनच उदाहरणं, खोडरबर नाही, आणि मी स्वयंपाक करता करता. मास्तरांची अक्षरं वापरली, पण सोबत एक ओळही लिहिली. वहीच्या मागच्या पानावरून जसंच्या तसं:

१९ जुलै: अ. गोष्ट सांग म्हटलं तर "एकोणीस आणि एकोणतीस" म्हणाली.

९ ऑगस्ट: मां. गोष्ट नीट सांगितली. चित्र काढ म्हटल्यावर ३५ पेरू गोल गोल काढत बसली, विसाव्या पेरूला कंटाळली.

३० ऑगस्ट: आ. मोदकांचं उदाहरण. पेरूंऐवजी एक लांब पट्टी काढली, तिचे दोन भाग केले, एका भागात आकडा आणि दुसऱ्यात प्रश्नचिन्ह. कोणी शिकवलं म्हटलं तर म्हणाली, "एवढे मोदक कोण काढणार?" हातचा विसरली, उत्तर चुकलं.

२० सप्टेंबर: एक बरोबर. दुसरं, 'पेक्षा जास्त' वालं, अजून अडतं. मां.

३० ऑगस्टचं उत्तर चुकलेलं आहे आणि मला सगळ्यात जास्त आनंद त्या दिवशी झाला. 'अधिक की वजा' पूर्ण बंद झालेलं नाही. दमली असली की अजून विचारते.

काकांनी सांगितल्याप्रमाणे बाईंनाही भेटले. थोडं धाकधुकीतच गेले होते. त्यांना एकदम आठवलं नाही, पण त्यांनी ते मनावर घेतलं. आता वर्गात रोज दोन मुलांना टेबलाजवळ बोलावतात. परवा म्हणाल्या, "तुमची मुलगी उत्तर आलं की आता माझ्याकडे लगेच बघत नाही, आधी वहीकडे बघते."

काल लेकीने स्वतः उदाहरण तयार केलं आणि तुम्हाला घालायला सांगितलंय. तिच्या शब्दांत:

'आमच्या घरी १२ लाडू होते. बाबांनी काही खाल्ले. मी डबा उघडला तेव्हा ७ होते. मग आजीने अजून केले. आता १५ आहेत. आजीने किती केले?'

मी विचारलं, यात १२ कशाला? म्हणाली, "ते फसवायला घातलेत."

डोंगरमास्तर | २९ सप्टेंबर, सकाळी ६:५०

तिला सांगा, गुरुजींनी हे उदाहरण फळ्यावर लिहिलंय. आज चौथीला.

पंचवटीकर | २९ सप्टेंबर, रात्री ८:१०

आमच्या चिरंजीवांनी १५ वजा १२ करून ३ सांगितले. उद्या शाळेतून आला की डबा आणि लाडू घेऊन त्याच्याजवळ बसतो.